कचऱ्याच्या डोंगराचा श्वास

२०१६ च्या जानेवारीअखेर मुंबईत देवनारच्या कचराभूमीला मोठी आग लागली. पूर्व उपनगरांवर कित्येक दिवस धुराची चादर पसरली होती. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि तो धूर उपग्रहाने घेतलेल्या छायाचित्रांतही दिसला. त्या आठवड्यात आमच्या ओपीडीत नेब्युलायझर दिवसभर चालू होते. दम्याचे जुने रुग्ण तर आलेच, पण आयुष्यात कधी पंप न घेतलेली माणसंही छाती धरून, खोकत खोकत येत होती.

त्यांत एक मावशी होत्या, पन्नाशीच्या. कचराभूमीवर प्लास्टिक आणि भंगार वेचून त्यांनी तीन मुलं वाढवली होती. वाफ घेऊन जरा बरं वाटल्यावर त्यांनी विचारलं, "डॉक्टर, लाकूड पेटतं, कागद पेटतो, हे कळतं. पण शिळा भात, भाजीची सालं, असला ओला चिखल पेटतो कसा? आणि बंबवाले एवढं पाणी मारतात, तरी विझत का नाही?"

"आत गॅस असतो, मावशी," एवढंच मी म्हणालो आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. उत्तर चुकीचं नव्हतं, पण अर्धवट होतं. रांग मोठी होती हे खरं. त्याहून खरं हे, की त्या गॅसबद्दल मला स्वतःलाच फारसं ठाऊक नव्हतं. त्या मावशींना द्यायचं राहून गेलेलं उत्तर आज लिहितो आहे.

पोटातला आणि डोंगरातला

त्या गॅसचं नाव मिथेन. कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे चार. रंग नाही, वास नाही. कचराभूमीजवळ नाकाला झोंबतो तो वास गंधकयुक्त आणि इतर वायूंचा. मिथेन त्यांच्यासोबत गुपचूप निघून जातो. इटलीतल्या अलेसांद्रो व्होल्टा या शास्त्रज्ञाने १७७६ मध्ये माजोरे सरोवराकाठच्या दलदलीतून बुडबुडे गोळा केले, ते पेटतात हे पाहिलं आणि या वायूचा अभ्यास सुरू झाला.

मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव फार प्राचीन आहेत. त्यांना 'आर्किया' म्हणतात. जिथे प्राणवायू अजिबात नाही, तिथेच ते सुखाने राहतात. दलदलीत, भाताच्या पाणी साचलेल्या खाचरात, गायीम्हशींच्या पोटात आणि आपल्यापैकी अनेकांच्या मोठ्या आतड्यातही. पोटफुगी आणि बद्धकोष्ठतेच्या काही रुग्णांची आम्ही श्वासचाचणी करतो, तेव्हा त्यांच्या उच्छ्वासात हायड्रोजनबरोबर मिथेनही मोजतो. तो वायू याच मंडळींनी तयार केलेला असतो.

कचऱ्याचा डोंगर म्हणजे असंच एक प्रचंड पोट. वरून रोज नवा थर पडतो, खालचा थर दाबला जातो. आतला प्राणवायू आधी संपतो. मग भात, पोळ्या, सालं, पानं, ओला कागद यांचं आर्कियांसाठी जेवण होतं. त्यातून जो वायू निघतो, त्यात साधारण निम्मा मिथेन आणि बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. हवेत मिथेनचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असलं, की एक ठिणगी पुरते. ठिणगी कुठूनही येवो, आत इंधन तयारच असतं. आग खोल थरांत धुमसत राहते आणि वरून मारलेलं पाणी तिथवर पोचत नाही. मावशींच्या प्रश्नाचं हे निम्मं उत्तर.

एक बारकावा मात्र सांगायला हवा. मिथेन नीट जळला तर त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. छातीत जातो तो काळा धूर मुख्यतः त्या आगीत जळणाऱ्या प्लास्टिकचा, रबराचा आणि चिंध्यांचा. त्यात सूक्ष्म कण असतात, कार्बन मोनॉक्साइड असतो, डायऑक्सिनसारखी विषारी रसायनं असतात. मिथेन आग पेटती ठेवायला मदत करतो आणि प्लास्टिक विष पुरवतं.

डॉक्टरचा याच्याशी काय संबंध?

मोकळ्या हवेतल्या मिथेनने थेट कुणी आजारी पडत नाही. त्यामुळे वैद्यकीय महाविद्यालयात आम्हाला तो खाणीतल्या किंवा बंदिस्त टाकीतल्या गुदमरण्यापुरताच भेटला. पण तो आडवाटेने दवाखान्यात येतोच.

पहिली वाट उष्णतेची. मिथेन हवेत सुमारे १२ वर्षं टिकतो, पण तेवढ्या काळात फार उष्णता धरून ठेवतो. २० वर्षांचा हिशेब धरला, तर एक किलो मिथेन एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापमानवाढ घडवतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर अब्ज रेणूंमागे मिथेनचे सुमारे ७२० रेणू होते. आज ते १९०० हून अधिक आहेत. आतापर्यंतच्या जागतिक तापमानवाढीत मिथेनचा वाटा सुमारे एक तृतीयांश धरला जातो. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या वॉर्डात येणारे उष्माघाताचे मजूर या हिशेबाच्या बाहेरचे नाहीत.

दुसरी वाट ओझोनची. वातावरणाच्या वरच्या थरातला ओझोन आपलं रक्षण करतो. जमिनीलगतचा ओझोन मात्र फुप्फुसांना जाळतो. मिथेन, वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि ऊन यांच्या संयोगातून हा खालचा ओझोन वाढतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२१ मध्ये मिथेनविषयक अहवाल प्रसिद्ध केला. माणसामुळे होणारं मिथेन उत्सर्जन या दशकात ४५ टक्क्यांनी घटवलं, तर ओझोनमुळे होणारे सुमारे २ लाख ५५ हजार अकाली मृत्यू आणि दम्यासाठी रुग्णालयात जाण्याच्या ७ लाख ७५ हजार फेऱ्या दरवर्षी टळतील, असा त्यातला अंदाज आहे. शिवाय २०४० च्या दशकापर्यंत सुमारे ०.३ अंश तापमानवाढही टळेल.

आणि तिसरी वाट आगीची. ती मावशी चालून आल्या होत्या.

मोजल्याशिवाय निदान नाही

तापाचा रुग्ण आला की आधी थर्मामीटर लावायचा, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. शहरांच्या मिथेनबाबत मात्र बराच काळ थर्मामीटरच नव्हता. शहरात कचरा किती, त्यात ओला किती, तो कुठे आणि कसा टाकला जातो, यावरून सूत्राने आकडा काढायचा. म्हणजे रुग्णाचं वय आणि वजन विचारून ताप ठरवायचा, तसंच काहीसं.

आता मोजण्याचे मार्ग बरेच आहेत. सगळ्यात साधा म्हणजे उलटी बादली. बंद पेटी कचऱ्याच्या पृष्ठभागावर पालथी ठेवायची आणि आतला मिथेन दर मिनिटाला किती वाढतो ते पाहायचं. पण डोंगर हेक्टरांत पसरलेला. एका जागी काहीच नाही आणि दहा पावलांवर भेगेतून भसाभस गॅस, असं असतं. म्हणून मग गाडीवर किंवा ड्रोनवर संवेदक लावून वाऱ्याच्या खालच्या बाजूने फेऱ्या मारतात. तेलविहिरी, गॅसच्या वाहिन्या आणि रसायन कारखान्यांत खास इन्फ्रारेड कॅमेरे वापरतात. साध्या डोळ्यांना व्हॉल्व्ह ठीक दिसतो, पण कॅमेऱ्यात त्याच्यातून निघणारा वायू धुरासारखा दिसतो. तिथे गळणारा वायू म्हणजे विकता येणारा माल असतो. त्यामुळे गळती बुजवण्याचा खर्च पुष्कळदा भरून निघतो.

सगळ्यात वर उपग्रह. ते कसं मोजतात, हे डॉक्टरांना चटकन कळतं. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिलेल्या रुग्णाच्या नळीला कॅप्नोग्राफ जोडलेला असतो. त्याच्या श्वासातून इन्फ्रारेड प्रकाश जातो. कार्बन डायऑक्साइड त्यातला ठरावीक प्रकाश शोषतो. किती शोषला यावरून वायू किती ते कळतं. उपग्रहही हेच करतो. फरक इतकाच, की त्याचा दिवा म्हणजे सूर्य. जमिनीवरून परावर्तित होऊन वर येणाऱ्या सूर्यप्रकाशातला कोणता भाग मिथेनने शोषला, ते तो पाहतो. कचऱ्याच्या डोंगराचा श्वास मोजायचा हा कॅप्नोग्राफच म्हणा.

युरोपीय अवकाश संस्थेच्या 'सेंटिनेल ५ पी' या उपग्रहावरचं 'ट्रोपोमी' हे उपकरण ऑक्टोबर २०१७ मध्ये अवकाशात गेलं. ते जवळजवळ सगळी पृथ्वी रोज पाहतं, पण त्याचा एकेक ठिपका काही किलोमीटरांचा असतो. कॅनडातल्या 'जीएचजीसॅट' कंपनीचे छोटे उपग्रह थोडाच भाग पाहतात, पण सुमारे २५ मीटरपर्यंत बारकाईने. एकाने वॉर्ड दाखवायचा आणि दुसऱ्याने खाट, अशी ही जोडी. ती वापरून केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ब्युनोस आयरिस, दिल्ली, लाहोर आणि आपली मुंबई ही चार शहरं होती. तिथल्या कचराभूमींतून तासाला ३ ते २९ टन मिथेन बाहेर पडत असल्याचं दिसलं. आणि या शहरांचं एकूण उत्सर्जन नेहमीच्या नोंदींतल्या आकड्यांपेक्षा १.४ ते २.६ पट निघालं.

अर्थात, एकदा घेतलेल्या रक्तदाबावर आम्ही आयुष्यभराची गोळी सुरू करत नाही. उपग्रहाचं मोजमापही त्या क्षणाचं असतं. पावसाळ्यात ढग आडवे येतात, वाऱ्याच्या अंदाजात चूक झाली तर आकडा चुकतो. म्हणून वरचं आणि खालचं, दोन्ही मोजमापं पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. पण कागदावरचा ताप आणि खरा ताप यांत मोठा फरक आहे, एवढं निदान तरी झालं.

औषध जुनंच आहे

निदान नवं असलं तरी औषध मुंबईला सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे, आणि तेही एका रुग्णालयात सुरू झालं. माटुंग्याच्या कुष्ठधामात, म्हणजे आजच्या वडाळ्याच्या ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयात, १८९७ मध्ये मैल्यापासून गॅस तयार करून तो दिव्यांसाठी वापरला गेला. भारतातल्या पहिल्या बायोगॅस प्रयोगांत त्याची गणना होते.

दुसरं नाव डॉक्टरांनी तरी विसरू नये. डॉ. सु. वि. मापुसकर १९५९ मध्ये देहूच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले. पोटाचे तेच ते आजार घेऊन लोक पुन्हा पुन्हा येतात आणि मूळ उघड्यावरच्या शौचात आहे, हे त्यांनी पाहिलं. मग अप्पासाहेब पटवर्धनांच्या कामातून शिकत त्यांनी गावात शौचालयं उभी केली आणि त्यांना बायोगॅस जोडला. 'मलप्रभा' हा त्यांचा बायोगॅस संयंत्राचा आराखडा. ज्या वायूने हवेत जायचं, तो चुलीखाली जळू लागला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. औषधाच्या चिठ्ठीवर न थांबता रोगाच्या मुळाशी गेलेला हा सरकारी डॉक्टर.

आजची उदाहरणंही आहेत. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला नगरपरिषदेने घराघरांत कचरा वेगळा करायला लावला, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि वीज काढली आणि जुन्या कचराभूमीच्या जागी बाग उभी राहिली. इंदूरमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या आणि त्यातून सुमारे १७ टन जैव सीएनजी काढण्याच्या क्षमतेने उभारला गेला. आपल्या साखरपट्ट्यात एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघतो. तो बंद टाकीत कुजवून त्यातला गॅस बॉयलरला वापरण्याची पद्धत अनेक आसवनी कारखान्यांत रुळली आहे. तोच स्पेंट वॉश उघड्या तळ्यात साठवला, तर गॅस आकाशात जातो आणि वास गावाला मिळतो.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. आत जाणारा माल स्वच्छ हवा. ओल्या कचऱ्यात पिशव्या, डायपर, काचा आल्या की बायोगॅसचं यंत्र तुंबतं आणि काही महिन्यांत बंद पडतं. मोठ्या समारंभाने उद्घाटन झालेली अशी बंद संयंत्रं तुम्हीही पाहिली असतील. दोष यंत्राचा कमी आणि बादलीचा जास्त. आणि टाकी किंवा नळी गळत असेल, तर बायोगॅस संयंत्र स्वतःच मिथेन सोडतं. तिथेही मोजत राहावं लागतं.

जुन्या डोंगरांवर काय करायचं? मुंबईतली गोराईची कचराभूमी बंद करताना तिच्यावर आवरण घातलं आणि आतला गॅस नळ्यांनी गोळा करण्याची सोय केली. गॅस वापरता आला नाही, तरी निदान ज्योतीवर जाळून टाकला, तरी त्याची धार बरीच बोथट होते. मिथेन खाणारेही जीवाणू असतात. कंपोस्टचा जाड थर वर पसरला, तर ते त्यात वाढतात आणि बाहेर निघणाऱ्या वायूचा काही भाग संपवतात. पण आपल्या उष्ण, दमट हवेत ओला कचरा भराभर कुजतो. नळ्या टाकेपर्यंत पुष्कळ गॅस उडून गेलेला असतो. म्हणून डोंगरावरच्या शस्त्रक्रियेपेक्षा ओला कचरा तिथे जाऊच न देणं, ही लस अधिक स्वस्त आणि खात्रीची.

काही जण विचारतील, मिथेन तर गायीम्हशी आणि भातशेतीतूनही येतो, मग कचऱ्याच्याच मागे का? खरं आहे. जगात माणसामुळे होणाऱ्या मिथेन उत्सर्जनात शेती आणि जनावरांचा वाटा सुमारे ४० टक्के, कोळसा, तेल आणि गॅसचा सुमारे ३५ टक्के आणि कचरा व सांडपाण्याचा सुमारे २० टक्के आहे. २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी घटवण्याच्या २०२१ च्या जागतिक करारावर भारताने सही केली नाही, त्यात शेतकऱ्याच्या उपजीविकेची काळजी होती. ती समजण्यासारखी आहे. पण शिळा भात डोंगराच्या पोटात कुजवण्यावर कुणाचं पोट चालत नाही. उलट, वेचकांना मिळणारं प्लास्टिक आणि कागद ओल्यात बरबटले नाहीत, तर त्यांना भाव जास्त मिळतो आणि हातही कमी कापतात.

आमचा निळसर ड्रम

आता एक कबुली. आमच्या रुग्णालयाच्या जैववैद्यकीय कचरा समितीवर मी बरीच वर्षं आहे. पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांसाठी पांढरा डबा, काचेसाठी निळा खोका. प्रत्येकावर बारकोड, प्रत्येकाचं वजन, रोजची नोंद. त्यात चूक झाली तर मी परिचारिकांना आणि शिकाऊ डॉक्टरांना बोललो आहे. पण आमच्या स्वयंपाकघराच्या मागे एक मोठा निळसर ड्रम असतो. वॉर्डातून परत आलेली खिचडी, पोळ्या, भाजीची देठं, वर चहाचे कप आणि दुधाच्या पिशव्या. तो रोज संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीत जायचा. त्याचं वजन कुणी केलेलं नव्हतं. समितीच्या एकाही बैठकीत तो विषय आला नाही, आणि मीही तो काढला नाही.

हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचं सूत्र लावलं, तर एक टन अन्नकचरा कचराभूमीत खोल गाडला गेल्यावर काही वर्षांत साधारण ५० किलो मिथेन देतो. समजा, एखाद्या मोठ्या रुग्णालयातून रोज १०० किलो ओला कचरा निघतो. वर्षाचे झाले सुमारे साडेछत्तीस टन. त्याचा मिथेन सुमारे १८०० किलो. २० वर्षांच्या हिशेबाने ही तापमानवाढ जवळजवळ १४५ टन कार्बन डायऑक्साइडएवढी. तोच कचरा बायोगॅसच्या टाकीत घातला, तर ढोबळमानाने तीन-चार दिवसांत एका घरगुती सिलिंडरइतकं इंधन मिळावं. २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संस्थांनी, रुग्णालयांनीसुद्धा, ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा होता. हे मी समितीवर असूनही फार उशिरा वाचलं.

आता त्या ड्रमशेजारी वजनकाटा आहे आणि दुधाच्या पिशव्यांसाठी वेगळा डबा. बायोगॅस अजून आलेला नाही, प्रस्ताव फाइलमध्ये आहे. पण वजनाच्या वहीने एक काम लगेच केलं. कोणत्या वॉर्डातून किती जेवण परत येतं ते दिसू लागलं आणि तेवढं जेवण कमी शिजवता येऊ लागलं. न कुजणारा सगळ्यात चांगला कचरा म्हणजे न झालेला कचरा.

तुम्हाला घरी उपग्रह नको, सूत्रही नको. आठवडाभर ओला कचरा वेगळ्या बादलीत ठेवा आणि रोज भाजीच्या काट्यावर तोला. आकडा लिहून फ्रिजवर लावा. शिळं किती फेकलं ते वेगळं लिहा. सोसायटीत जागा असेल, तर कंपोस्टची टाकी करा, पण ती दर दोन-तीन दिवसांनी हलवा. हवा खेळती राहिली, तर मिथेन करणाऱ्या आर्कियांना तिथे फारसा थारा मिळत नाही. जागा नसेल, तर निदान गाडीवाल्याला ओलं-सुकं वेगळं द्या आणि गाडीत ते एकत्र होत असेल, तर वॉर्ड ऑफिसला लेखी विचारा. तोंडी तक्रारीपेक्षा लेखी प्रश्नाची नोंद राहते.

त्या मावशी पुढे दोन-तीन वर्षं तपासणीला येत राहिल्या, मग यायच्या थांबल्या. मुलाने त्यांना गावी नेलं असं कळलं. ओला चिखल पेटतो कसा, हे त्यांना आज मी नीट समजावून सांगू शकेन. पण तो तिथे जातोच कशाला, असं त्यांनी विचारलं, तर मात्र मला आमच्या स्वयंपाकघरामागचा तो ड्रम दाखवावा लागेल.